जगाची भांडणं आणि मामांचा गाळा

पृथ्वीच्या पाठीवर कुठेही तोफ विकली गेली की तिचा पहिला दणका भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्याला बसतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या पाया पडलो, तेव्हा आशीर्वादाचा हात डोक्यावर ठेवून त्यांनी मला विचारलं होतं, "जावईबापू, विमानं विकली त्यांनी. वाचलंत का?" मला वाटलं, नात्यातल्या कुणाचा तरी विमानांचा व्यवहार असावा. मग कळलं की विकणारा देश सात समुद्रांपलीकडचा, घेणारा त्याहून लांबचा, आणि मामांचा संबंध एवढाच, की घेणाऱ्याचा शेजारी आता रागावणार होता. "आणि रागावला की तो विमान अडवत नाही," मामा म्हणाले. "विमान अडवायची कुणाची टाप नसते. तो वायर अडवतो, बेअरिंग अडवतो. आणि ते लागतं कुणाला? मला!"

मामा वर्तमानपत्रातली बातमी शेवटच्या परिच्छेदापासून वर वाचत जातात. कोण काय विकतोय हे पहिल्या ओळीत असतं, पण कुणाला झोंबलं हे नेहमी शेवटच्या ओळीत असतं, आणि आपल्याला फक्त झोंबलेल्याशी मतलब, असं त्यांचं म्हणणं. झोंबलेला सापडला की ते पिशवी घेऊन बाजारात जात. एकदा कुठल्याशा आखातात क्षेपणास्त्रं विकली गेली म्हणून त्यांनी घरात इतके पेन्सिल सेल भरले, की मामींना साड्या पलंगाखाली ठेवाव्या लागल्या. "क्षेपणास्त्रं त्यांची, नि कपाट माझं," मामी म्हणाल्या. त्या सेलना पुढे पाणी सुटलं. पाणबुड्यांचा सौदा झाला तेव्हा नारळ महागणार असं त्यांनी सांगितलं होतं. नारळ स्वस्त झाला. मी आकड्यांशी इमान राखणारा माणूस आहे, त्यामुळे हे लिहिलंच पाहिजे, की मामांचे बरेचसे अंदाज चुकले. पण जे थोडे बरोबर आले ते इतक्या वाईट रीतीने आले, की चुकलेल्यांवर हसायचं माझं धाडस आता होत नाही.

सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या सोसायटीत ए विंगने आपला जुना जनरेटर सी विंगला विकला, तेव्हाची गोष्ट. बी विंगचं सी विंगशी गच्चीवरून वाकडं होतं, त्यामुळे बी विंगवाले खवळले. पण करणार काय? ए विंगमध्ये सेक्रेटरी राहत होते आणि सी विंगमध्ये नगरसेवकाचा मेहुणा. शेवटी बी विंगने वॉचमनचा संध्याकाळचा चहा बंद केला, कारण तो बी विंगमधून यायचा. सर्वसाधारण सभेत मामा उभे राहिले. "जनरेटर विकला यांनी, घेतला त्यांनी, रागावले हे, आणि चहा गेला पांडेचा! सगळ्या जगाचा कारभार एवढाच आहे. आता टाळ्या वाजवा." कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मामा स्वतः किटली घेऊन गेटवर जाऊ लागले. वॉचमन पांडे त्यांना म्हणायचा, "मामाजी, आप तो हमारे यूएनओ हैं." त्यावर मामा दुखावले गेले. "त्यांच्याने चहासुद्धा पोचत नाही," ते म्हणाले.

असा हा माणूस रत्नागिरीकडून ऐन विशीत आला, दुसऱ्यांच्या गाळ्यांत मोटर गुंडाळायला शिकला, आणि पुढे भाईंदर पूर्वेला त्याने स्वतःचा गाळा घेतला. आधी टेबलफॅनच्या मोटरी होत्या, मग पाण्याच्या पंपाच्या, आणि अलीकडे शेतावर औषध फवारणाऱ्या ड्रोनच्या. मोटर मुठीत मावेल एवढी, पण ती हातात घेतली की मामांचा चेहरा बारशातल्या बाईसारखा व्हायचा. त्यांच्याकडे कामाला बहुतेक बाया खाडीकाठच्या राई गावातल्या. सकाळच्या बसने यायच्या, पितळी डबे खिडकीत मांडायच्या, आणि दिवसभर तांब्याची बारीक तार मोटरीच्या दातांभोवती गुंडाळत बसायच्या. त्यांच्यातली वडीलधारी हिराबाई. तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आणि तिची बोटं लहानपणापासून जाळी दुरुस्त करण्यात गेलेली. तार गुंडाळून झाली की तिची टोकं एका चिवट धाग्याने बांधावी लागतात. तो काचेच्या तंतूंचा असतो, आगीला दाद देत नाही. सुरुवातीला त्याला साधी गाठ मारायचे, आणि मोटर जोरात फिरली की ती सुटायची. हिराबाईने एकदा ती बघितली आणि फिस्सकन हसली. "ह्या गाठीत बोंबील बी ऱ्हायचा न्हाय, मामा!" तिने स्वतःची, जाळ्याची गाठ मारून दिली. ती कधी सुटली नाही. मग सगळ्या बाया तिच्याकडून ती शिकल्या, तरी हिराबाईची गाठ डावखुरी असल्याने उलटी पडायची आणि ओळखू यायची. मामा ती गिऱ्हाइकांना भिंगातून दाखवायचे. "जर्मनीत ही गाठ नाही," असं सांगायचे. जर्मनीत कोणती आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

तार आपल्याकडची, धागा आपल्याकडचा, पण मोटरच्या आतली लोहचुंबकं चीनची. तसली ताकदवान चुंबकं जवळजवळ सगळ्या जगाला तिथूनच घ्यावी लागतात. ती पाठवायच्या तिथल्या एक मॅडम. मामांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दोघांचा व्यवहार मोबाइलवर, मधे भाषांतर करणारं यंत्र. सगळा बाजार त्यांना मामा म्हणतो म्हणून मॅडमही मामाच म्हणायच्या, आणि ते यंत्र त्यांचं बोलणं हिंदीत असं आणून टाकायचं: "आदरणीय मामा, आपके परिवार का मौसम कैसा है? चुंबक जहाज पर बैठ गया है." मामा उत्तर द्यायचे, "मौसम अच्छा है, मामी का घुटना दुखता है." गलवानची चकमक झाली त्या आठवड्यात आजूबाजूच्या गाळ्यांवर चिनी मालावर बहिष्काराचे फलक लागले. मामांनीही एक लावला आणि मॅडमना संदेश पाठवला, "बोर्ड लगाया है, बुरा मत मानना." पलीकडून उत्तर आलं, "हमारे यहां भी बोर्ड है. घुटना कैसा है?" चुंबकं बोटीत चढली असं कळलं की रविवारी मामा बस पकडून भाईंदरजवळच्याच डोंगरी गावाला जात, टेकडीवर बसत, आणि समुद्रात दिसणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे आपलं माणूस त्यात असल्यासारखं बघत. मी एकदा बरोबर गेलो होतो. ते जहाज तेलाचं आहे असं मी म्हणालो. "असू दे," मामा म्हणाले. "आपलंही येईल मागून."

मग ते येईनासं झालं. अमेरिका आणि चीन एकमेकांच्या मालावर कर चढवत सुटले होते. त्यातच चीन ज्या बेटाला आपलं म्हणतो, त्या बेटाला अमेरिका शस्त्रं विकतच होती. चीनने शस्त्रं अडवली नाहीत. अडवता आली नसती. त्याने चुंबकं अडवली. त्याच सुमाराला शेजारच्या गाळ्यातले स्टीलच्या थाळ्या करणारे शेठही हात बांधून बसले होते, कारण आपण रशियाकडून तेल आणि शस्त्रं घेतो म्हणून अमेरिकेने आपल्या मालावर जादा कर बसवला होता. शेठ एकदा मामांच्या दारात येऊन म्हणाले, "मामा, थाळीमध्ये काय तोप असते काय? मी तर शाकाहारी माणूस." आयुष्यभर जे भाकीत केलं ते खरं ठरलं, म्हणून मामा निदान एकदा तरी 'बघा!' म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. नुसते रिकाम्या खोक्यांकडे बघत होते.

थोड्या दिवसांनी मॅडमचा संदेश आला, की चुंबकं मिळतील, पण एक हमीपत्र हवं: या चुंबकांची मोटर कोणत्याही शस्त्रात, कोणत्याही सैन्यासाठी वापरली जाणार नाही. खाली सही आणि शिक्का. मामांनी मला बोलावलं. "जावईबापू, इंग्रजी आहे आणि आकडे आहेत. तुमचाच प्रांत." मी सगळं भरून दिलं, किती चुंबकं, किती मोटरी, सगळं जुळत होतं. "करा सही," मी म्हणालो. पण त्यांनी आधी दिल्लीच्या व्यापाऱ्याला फोन लावला, कारण सगळ्या मोटरी तोच घ्यायचा. फोन स्पीकरवर होता. "मामाजी, खेत का माल है, खेत में जाता है," व्यापारी म्हणाला. "आराम से साइन मारो." मामा खूश झाले. पण दुपारची जेवणं झाली होती, आणि मामा जेवणानंतर कशावरही सही करत नाहीत. जेवलेला माणूस कशालाही हो म्हणतो, असा त्यांचा नियम आहे. सही सकाळवर गेली. हिराबाईने माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला. तिच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि गाळ्यातलं काम चुंबकांवाचून आधीच अर्ध्यावर आलं होतं.

सकाळी मामींचा डबा पोचवायला मी गाळ्यावर गेलो, तेव्हा मामा पॅकिंगच्या टेबलाशी उभे होते. दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून कुरियर आलं होतं. आत एक मोटर होती, नमुना म्हणून पाठवलेली, आणि मोबाइलवर त्याचा निरोप: असाच माल, पण दुप्पट ताकदीचा, लवकर. मोटर एका बाजूने वितळली होती, काळी पडली होती, आणि तिच्या खाचांत माती वाळून बसली होती. तिला वास येत होता. कसला ते मला सांगता येणार नाही. नुसत्या जळलेल्या तारेचा नव्हता. मामांनी ती हिराबाईच्या हातात दिली. तिने नखाने काजळी खरवडली, उजेडात धरली, आणि तिचा चेहरा खुलला. "माजी गाठ! बगा मामा, सगलं जळलं, पन गाठ न्हाय सुटली." बाकीच्या बायाही बघायला जमल्या. हसत होत्या.

मामांनी फोन लावला. "ही शेतात जळली?" त्यांनी विचारलं. मग हिंदीत, जसं येत होतं तसं, "ये खेत में जला?"

"झूठ थोड़े ही बोला मैंने, मामाजी," व्यापारी हसत म्हणाला. "खेत में ही गिरा. गेहूं का खेत था."

"किसका खेत?"

"वो मैं नहीं पूछता. आप भी मत पूछो."

हिराबाईने मोटर टेबलावर ठेवली आणि हात पदराला पुसले, मग पुन्हा पुसले. मामा खुर्चीत बसले. हमीपत्र समोरच होतं, शिक्काही काढून ठेवलेला होता. मी त्यांना जे सांगितलं ते कुठल्याही संसारी माणसाने सांगितलं असतं: हा कागद कुणी वाचणार नाही, सगळेच सह्या करतात, तुम्ही नाही दिली तर दुसरा कुणी देईल. मामा सगळं ऐकून म्हणाले, "खरं आहे."

"मग?"

"मग काय. कालपर्यंत सही केली असती तर ती चूक झाली असती. आज केली तर ते खोटं होईल."

तेवढ्यात हिराबाई पुढे आली. तिला इतकी चिडलेली मी कधी पाहिली नव्हती. "मामा, लगीन माज्या पोरीचं हाय. मांडववाल्याला सुपारी दिली. तुमी खरं बोलनार, नि चूल माजी इझनार?"

"मी काही मोठं खरं बोलत नाहीये, हिराबाई. मला हे लिहिता येत नाहीये, एवढंच."

"तं मला द्या. मी करते सही! मला यवडी अक्कल न्हाय, मला जमंल."

"तुमची सही आहेच की त्यात," मामा हळूच म्हणाले, आणि मोटरीकडे बोट केलं.

हे बोलायला नको होतं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि मामांनाही वाटलं असावं. हिराबाईने खिडकीतला आपला डबा घेतला आणि भर सकाळी निघून गेली. ज्या बाईने कधी अर्धा दिवस घेतला नव्हता तिने मागे वळूनही बघितलं नाही.

मॅडमना मामांनी खरं कारण कळवलं नाही. मोटर कुठे निघाली हे त्यांच्या सरकारला कळलं तर त्यांच्यावरच बालंट यायचं. त्यांनी लिहिलं, "तबियत ठीक नहीं. धंधा बंद करता हूं." ज्या माणसाने एक खोटी ओळ लिहायची नाही म्हणून गाळा घालवला, त्याने ही एक ओळ खोटी लिहिली, तीही न जेवता. उत्तर आलं: "मामा, मेरे यहां भी मशीन चुप है. अब घुटने की खबर कौन देगा?" मामांनी ते वाचलं आणि मामींना म्हणाले, "तुझी चौकशी करतायत."

गाळा बंद झाला. पूर्वी एका गाळ्यातलं काम गेलं की बाया शेजारच्या गाळ्यात जायच्या. आता शेजारी थाळ्यांचा गाळाही बंद होता. कुणी मासळी घेऊन बसू लागली, कुणी मिरा रोडच्या टॉवरमध्ये लाद्या पुसायला लागली. मामांनी त्यांच्या कामासाठी दारोदार फिरून शब्द टाकला. काहींचं जमलं, काहींचं नाही. दिल्लीच्या व्यापाऱ्याला मात्र थोड्याच दिवसांत दुसरीकडून मोटरी मिळाल्या, असं कानावर आलं. म्हणजे मामांनी सही न केल्याने कुठलं शेत वाचलं असेल असं मला वाटत नाही. मी हा हिशेब अनेकदा मांडून बघितला आहे. एका बाजूला राईच्या बायांच्या चुली, ज्या मला नावानिशी ठाऊक आहेत. दुसऱ्या बाजूला गव्हाचं एक शेत, ज्याचा मालक जिवंत आहे की नाही हेही मला माहीत नाही. या दोन गोष्टींची बेरीज-वजाबाकी कशी करायची, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मामांना विचारलं तर ते म्हणतात, "तुम्ही आकडेवाले. मी फक्त मोटरवाला." आणि आता मोटरवालाही नाही, हे लक्षात येऊन थांबतात. हल्ली ते बातमी पहिल्या ओळीपासून वाचतात. शेवटापर्यंत पोचत नाहीत.

हिराबाई लग्नाचं आमंत्रण घेऊन येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. ती सिल्व्हर पार्कला आली, दारातच उभी राहिली, पत्रिका मामींच्या हातात दिली आणि मामांकडे न बघता म्हणाली, "त्यांना बी आना. जेवून या म्हनावं, उगाच तोंड दाखवून जाऊ नका." लग्न थोडक्यात उरकायचं ठरलं होतं, पण मांडव राईच्या रीतीप्रमाणे भरलेला होता. मुलाकडच्यांनी फोटोवाला आणला होता, आणि त्याच्याकडे ड्रोन होता. अक्षता पडल्या, आणि तो भिरभिरत मांडवाबाहेरच्या गर्दीवर आला. पोरं किंचाळली, बायांनी पदर सावरले, आणि सगळ्यांनी वर बघून हात हलवले. मीही हलवला.

मामांनी मान वर केली नाही. डोळे मिटले आणि कान तेवढा तिरका केला, वैद्याने नाडी बघावी तसा.

"आपली नाही," ते म्हणाले.

मागे हिराबाई उभी होती, हातात अक्षतांचं ताट. त्या सकाळनंतर ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली. "आपली असती तं यवडी बोंब मारली असती का?"

"नसती मारली," मामा म्हणाले.

"मंग. चला, पंगत बसतेय."

ती गेली. ड्रोन मांडवावरून वळून खाडीच्या बाजूला निघाला, लोकांचे हात खाली आले. मामांनी आता डोळे उघडले होते, आणि तो गेला तिकडे ते बघत राहिले. त्या बाजूला राईची उरलीसुरली शेतं आहेत.